माँटोनेतलं सूर्यघड्याळ

प्रश्न : सुभेदारसाहेब, मुलगी इटलीत पेरुजाला शिकते. मे महिन्यात तिच्याकडे गेले होते, तेव्हा जवळच्या माँटोने नावाच्या टेकडीवरच्या गावात गेलो. तिथे चक्क दुसऱ्या महायुद्धात इटलीत पडलेल्या आपल्या यशवंत घाडगे यांच्या नावाचं सूर्यघड्याळ! त्यांना 'नाईक' का म्हणतात? आणि एक खटकलं, रागावू नका. आपणच तेव्हा गुलाम होतो. मग जर्मनांच्या ताब्यातून दुसऱ्याचं गाव सोडवल्याचा अभिमान कसला?
– एक वाचक, पनवेल

उत्तर : ताई, रागवायचं काय त्यात? आधी सोपं सांगतो. नाईक हा हुद्दा. हाताखाली एक सेक्शन, म्हणजे आठ-दहा जवान. घाडगे माणगाव तालुक्यातले, पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनचे. 10 जुलै 1944 रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात जर्मन मशीनगनने अगदी जवळून त्यांच्या सेक्शनवर मारा केला. घाडगे सोडून सगळे ठार किंवा जखमी. ते एकटेच धावले. ग्रेनेड टाकून गन आणि ती चालवणारा संपवला, टॉमीगनने, म्हणजे हातातल्या छोट्या मशीनगनने, आणखी एकाला पाडलं. उरले दोघे, आणि मॅगझिन, म्हणजे गोळ्यांची पेटी, बदलायला वेळ नाही. तेव्हा त्यांनी टॉमीगन नळीकडून धरली आणि दस्त्याने त्या दोघांना लोळवलं.

इथे मी वाचताना दरवेळी थांबतो. नोकरीत मी कार्बाइन चालवली आहे. मॅगझिन रिकामं केल्यावर नळीला नुसतं बोट लागलं तरी चटका बसतो. ती मुठीत धरायची!

मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या छातीत आणि पाठीत लागल्या आणि ते तिथेच गेले. वय बावीस. व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, मरणोत्तर मिळाला. कबर नाही, ज्यांची कबर ठाऊक नाही अशांसाठी इटलीतल्याच कॅसिनो गावी स्मारक आहे, त्यावर नाव आहे.

सूर्यघड्याळ अगदी अलीकडचं, जुलै 2023 मधलं. माँटोनेची ग्रामसभा आणि तिथले लष्करी इतिहासाचे अभ्यासक यांनी ते उभारलं. त्याच्या लॅटिन ब्रीदाचा अर्थ : आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो. इटलीत पन्नास हजारांवर हिंदी सैनिक लढले, 5,782 परतले नाहीत. तिथे दिलेल्या वीस व्हिक्टोरिया क्रॉसपैकी सहा हिंदी जवानांचे. त्यातलेच एक अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातले नामदेव जाधव. ते मात्र जिवंत परतले.

आता तुमचं खटकणं. ते खरंच आहे. घाडगे पडले त्या जुलैत नेहरू, पटेल अहमदनगरच्या किल्ल्यात कैदेत होते, कैदेत ठेवणारं सरकार तेच, ज्याचा पगार आमची पोरं घेत होती. पलटणीतल्या म्हाताऱ्यांना मी हे विचारलं होतं. एक जण म्हणाला, "सायेब, पोटासाठी गेलो. पन शेजारचा पडला की मग पोट आठवत न्हाई." माझ्याकडे याहून बरं उत्तर नाही. पण माँटोनेच्या लोकांच्या डोक्यावर जर्मन बसले होते, ते गेले. त्यांच्या लेखी ती सुटका खरीच. त्यांनी आपल्या गुलामीचा हिशेब का मांडावा? तो आपण मांडायचा, आणि घाडग्यांना त्यात आरोपी करायचं नाही.

त्यांचा पुतळा माणगावला तहसील कचेरीसमोर आहे. पनवेलहून गोव्याच्या रस्त्याला लागलात की माणगावात कोंडीत अडकणारच आहात. मुलगी सुट्टीवर आली की तिथे गाडीतून उतरा.