शिवलिंगला जायचंय ना, मग आधी उतरणं शीक

अगं, तुझा मेसेज नीट वाचला. गंगोत्रीतलं शिवलिंग शिखर, 6543 मीटर, दोघींनीच, अल्पाइन स्टाइलने, फिक्स रोप म्हणजे आधीच बांधून ठेवलेला दोर नाही, वरती आधीच लावलेले कॅम्प नाहीत, शेर्पा नाही, सगळं आपल्याच पाठीवर. भारी वाटलं खरं. पण एवढ्या लांबलचक मेसेजमधे उतरण्याबद्दल एक ओळ नाही!

मोठ्या मोहिमेत बिनसलं तर लावलेली दोरी धरून खाली येता येतं. तुमच्यासाठी खालचा प्रत्येक अँकर, म्हणजे दोर अडकवायचा भक्कम आधार, तुम्हीच बनवायचा, तोही दमलेलं असताना, बोटं बधिर झालेली, कदाचित अंधारात, आणि रॅपेल करून, म्हणजे दोरावरून उतरून, दोर ओढून घेतला की वर जायचा विषय संपला. कडक बर्फात आइस स्क्रूने (बर्फात फिरवून बसवायचा पोकळ स्क्रू) दोन तिरकी भोकं आत एकमेकांना मिळतील अशी पाडायची आणि त्यातून कॉर्ड ओवायची, त्याला अबालाकोव्ह म्हणतात, ते झोपेत जमलं पाहिजे. हे मुंब्र्याच्या कड्यावर शिकता येणार नाही, त्यासाठी उत्तरकाशी नाहीतर मनालीच गाठायला हवं. मुंब्र्याला काय करायचं तर मे महिन्यात जाडे ग्लोव्हज घालून प्रुसिक (दोराला घट्ट पकडणारी गाठ) बांधायचा, डिसेंडर (दोरावरून उतरताना वेग आवरणारं उपकरण) लावायचा, अँकर बनवायचा, ग्लोव्हज न काढता. लोक हसतात, हसू देत.

1975 मधे ज्यो टास्कर आणि डिक रेनशॉ हे दोघं गिर्यारोहक जुन्या फोर्ड व्हॅनमधून इंग्लंडहून गढवालला आले आणि दुनागिरी (7066 मी) चढले, असेच हलके. चढले व्यवस्थित, उतरताना मात्र खाणं आणि गॅस दोन्ही संपलं आणि रेनशॉच्या बोटांना फ्रॉस्टबाइट झाला. खाणं कमी पडलं तर माणूस कसाबसा तगतो गं, पण तिथे पाणी म्हणजे वितळवलेला बर्फ, गॅस गेला की पाणीच गेलं. म्हणून सॅक हलकी करायची तर कॅमेरा काढ, जास्तीचे कपडे काढ, गॅस काढू नकोस. आणि हो, गॅसचे डबे विमानातून नेता येत नाहीत, ते तिकडेच घ्यावे लागतात, ऐनवेळी धावपळ नको.

उंचीचं थोडक्यात सांगतो. येऊर कितीही वेळा चढलीस तरी आपण ठाण्याची माणसं, समुद्रसपाटीची. 3000 मीटरच्या वर रोज झोपायची जागा 300 ते 500 मीटरपेक्षा जास्त वर न्यायची नाही, शिवलिंगच्या पायथ्याच्या तपोवनला निवांत राहा, आजूबाजूला वर चढून परत खाली झोपायला ये. डोकं ठणकतंय आणि तोल जातोय तर सकाळची वाट बघायची नाही, त्याच रात्री खाली.

मागे फिरायची वेळ बेसकॅम्पलाच ठरवा, दोघींनी मिळून. वरती समिट दिसायला लागलं की डोकं स्वतःशीच घासाघीस करतं आणि बहुतेक वेळा जिंकतं. एकीला परत जावंसं वाटलं तर दुसरीने कारण विचारायचं नाही, हे ज्या पार्टनरला पटत नाही तिच्याबरोबर जाऊच नकोस, मग ती बोल्डरिंगमधे (दोराशिवाय छोट्या खडकांवर चढणं) कितीही तयारीची असो.

ती दुसरी कोण आहे ते लिहिलंच नाहीस. या रविवारी तिलाही मुंब्र्याला घेऊन ये, आणि ग्लोव्हज तिचे स्वतःचे असू देत.