टॉमी डॉर्सीचा ट्रॉम्बोन ऐकायला एवढा सोपा वाटतो, मग त्याला एवढं थोर का म्हणतात?

तुमचा प्रश्न वाचला आणि लगेच लिहायला बसलो, कारण अगदी हाच प्रश्न मी विशीत आमच्या उस्तादांना विचारला होता. तुम्ही लिहिलंय की डॉर्सीची, म्हणजे या अमेरिकन बँडवाल्याची, ती ओळखीची धून, 'आय अ‍ॅम गेटिंग सेंटिमेंटल ओव्हर यू', दोनतीनदा ऐकली, संथ आहे, गोड आहे, पण करामत अशी काही दिसली नाही, मग बिग बँडच्या, म्हणजे पंधरावीस वादकांच्या मोठ्या जॅझ बँडच्या, जमान्यातला सगळ्यात मोठा ट्रॉम्बोनवाला म्हणून लोक याचंच नाव का घेतात. मी फौजेच्या बँडमध्ये 17 वर्षं ट्रॉम्बोन वाजवला, ट्रेनिंग पचमढीला झालं, त्यामुळे पुस्तकातलं नाही, हाताओठांना जे कळलं त्यावरून सांगतो. तुम्हाला जे सोपं वाटतंय ना, तीच त्याची करामत आहे, आणि ती का अवघड आहे हे कळायला आधी हे वाद्य कसं चालतं ते बघावं लागेल.

ट्रॉम्बोन म्हणजे साधारण नऊ फुटांची पितळी नळी, दुमडलेली. ट्रम्पेटला तीन खटके असतात, बासरीला भोकं असतात, पेटीला पट्ट्या असतात, म्हणजे बोट योग्य जागी पडलं की निदान सूर कुठला ते तरी ठरतं. ट्रॉम्बोनला यातलं काही नाही. एक सरकती नळी, स्लाइड, ती हातानं पुढेमागे करायची. पूर्ण आत ते पूर्ण बाहेर हे अंतर जवळजवळ दोन फूट, आणि त्यात सात जागा, ज्यांना आम्ही पोझिशन म्हणतो. नळीवर खूण एकाही जागेची नाही. कान सांगेल तिथे हात थांबला पाहिजे, आणि तो पळता पळता थांबला पाहिजे. (परेडला ट्रॉम्बोनवाले सगळ्यात पुढच्या रांगेत का असतात ते यावरून कळेल, मागे ठेवले तर स्लाइड पुढच्याच्या पाठीत बसेल.)

आता प्रत्येक जागेवर एकच सूर निघतो असंही नाही. बिगूल ऐकलाय ना, त्याला एकही खटका नसतो तरी ओठ आवळून आणि सैल सोडून चारपाच सूर निघतात, तशाच पायऱ्या इथे सातही जागांवर असतात. म्हणजे हात एक काम करतोय, ओठ दुसरं, आणि दोघांचा मेळ प्रत्येक सुराला नव्यानं घालायचा.

खरी अडचण यापुढे आहे. एका सुरावरून दुसऱ्या सुरावर जाताना स्लाइड सरकते आणि त्या सरकण्यात हवा चालूच असेल तर मधले सगळे सूर ऐकू येतात, घसरल्यासारखा आवाज येतो. आपल्याकडे मींड हा दागिना आहे, पण गायक ती हवी तिथेच घेतो ना, न मागता प्रत्येक सुराला मींड चिकटली तर सगळं गाणं ओघळून जाईल. ट्रॉम्बोनचं तसंच आहे, मींड त्याला आपोआप येते, ती येऊ न देणं हे शिकावं लागतं. मार्चमध्ये आम्ही काय करायचो, प्रत्येक सुराला जिभेनं 'त' मारायचा, त-त-त, सूर तुटक येतो, मधली फट शांत राहते आणि घसरण लपून जाते. कवायतीला ते शोभतंही. पण संथ गाण्यात सूर तोडून चालत नाही, तिथे सूर सुराला लागून यायला हवा, आणि तरी घसरण ऐकू यायला नको. म्हणजे हवा थांबवायची नाही, जीभ 'त'ऐवजी अगदी हलका 'द' म्हणून जेमतेम टेकवायची, आणि जीभ टेकली त्याच क्षणी हातानं स्लाइड एका झटक्यात पुढच्या जागी न्यायची, पण झटका आवाजात उतरता कामा नये. हात क्षणभर लवकर निघाला तर आधीचा सूर शेवटी वाकडा होतो, उशिरा निघाला तर पुढचा सूर सुरुवातीला मळतो. दोन सूर बिगुलाच्या वेगवेगळ्या पायऱ्यांवर असले तर मधला सांधा आपसूक स्वच्छ येतो, एकाच पायरीवर असले तर सगळं जिभेवर आणि मनगटावर. कुठला सूर कुठल्या जागेवर घेतला तर सांधा दिसणार नाही, कारण बरेच सूर दोन जागांवर मिळतात, हे सगळं आधी ठरवून अंगात मुरवावं लागतं.

हे लक्षात ठेवून आता डॉर्सीची ती धून पुन्हा ऐका. सांधा शोधून सापडत नाही. आणि गंमत म्हणजे त्याला मींड घ्यायची असते तिथे तो घेतो, एखाद्याच ठिकाणी, अगदी थोडी, म्हणून ती काळजाला लागते. आपल्याकडे सतारीला किंवा बासरीला गायकी अंगानं वाजवलं म्हणतात, माझ्या मते डॉर्सीचं वादन समजायला याहून चांगला शब्द नाही. तो ट्रॉम्बोनवर गातो.

त्यात तो गातो कुठे, तर वरच्या पट्टीत. वर गेलं की बिगुलाच्या त्या पायऱ्या अगदी जवळजवळ येतात, ओठ केसभर चुकले तर शेजारचाच सूर फुटतो. जोर लावून वरचा सूर काढणं त्या मानानं सोपं, आम्ही सगळे काढायचो, पण तोच सूर हळू आवाजात, गोल, न डळमळता आणि वर बारीकसा कंप देऊन काढायचा म्हणजे ओठांची ताकद आणि संयम दोन्ही लागतं. डॉर्सीला ती धून वर्षानुवर्षं रोज कार्यक्रमाच्या सुरुवातीला वाजवावी लागायची, ओठ गरम व्हायच्या आधी, रेडिओवर थेट, चूक झाली तर पुसायची सोय नाही. हे मला आजही थरारक वाटतं.

आणि मग दमसास. याचा सगळ्यात भारी साक्षीदार अमेरिकन गायक फ्रँक सिनात्रा. जानेवारी 1940 मध्ये तो डॉर्सीच्या बँडमध्ये गायला आला तेव्हा 24 वर्षांचा होता, सप्टेंबर 1942 पर्यंत राहिला. सिनात्रानं पुढे अनेकदा सांगितलंय की स्टेजवर डॉर्सीच्या मागे बसून तो त्याच्या कोटाची पाठ बघत राहायचा, हा माणूस श्वास घेतो तरी कधी हे पकडायला, आणि कोट हलायचाच नाही. आठ आठ बार सलग, म्हणजे 32 मात्रा, संथ लयीत वीसपंचवीस सेकंद झाले, आणि मध्ये फट नाही. शेवटी सिनात्राच्या लक्षात आलं की तोंडाच्या कोपऱ्यातून, टाचणीएवढ्या फटीतून, डॉर्सी चोरून हवा आत घेतो आणि चाल तुटू देत नाही. मग सिनात्रानं तेच गाण्यात आणायचं ठरवलं, छाती वाढवायला पळायला लागला, पाण्याखाली श्वास धरून पोहायला लागला. सिनात्राचं गाणं ऐकताना ओळ संपते तिथे तो थांबत नाही, पुढच्या ओळीत वाहत जातो, असं तुम्हाला कधी जाणवलं असेल तर ते या ट्रॉम्बोनवरून आलंय हे त्यानं स्वतः कबूल केलंय. त्या दोघांचं 'आय विल नेव्हर स्माइल अगेन' जुलै 1940 मध्ये बिलबोर्ड या अमेरिकन साप्ताहिकाच्या रेकॉर्ड विक्रीच्या पहिल्याच यादीत पहिल्या नंबरवर होतं. ज्या वादकाकडून शतकातला एवढा मोठा गायक श्वास घ्यायला शिकला त्याला थोर का म्हणायचं, याचं माझ्यापुरतं उत्तर मला इथेच मिळालं.

हे सगळं आलं कुठून, तर घरातून. डॉर्सी पेनसिल्व्हेनियाच्या कोळसा खाणींच्या भागातला, शेनँडोआ गावचा, जन्म 19 नोव्हेंबर 1905. वडील आधी खाणीत होते, मग संगीत शिकवायला लागले, गावाचा बँड चालवायचे, आणि पोरांना खाणीत जाऊ द्यायचं नाही हा त्यांचा निश्चय होता. टॉमी आणि त्याचा मोठा भाऊ जिमी, दोघांचा रियाज बापाच्या नजरेखाली झाला. जिमी पुढे सॅक्सोफोन आणि क्लॅरिनेटचा नावाजलेला वादक झाला. टॉमी सुरुवातीला ट्रम्पेटही वाजवायचा, त्याच्या जुन्या रेकॉर्डिंगमध्ये ऐकायला मिळतो, आणि मला वाटतं वरच्या पट्टीची भीती त्याची तिथेच गेली असावी. दोघा भावांचा मिळून बँड होता, त्यात ट्रॉम्बोनला आणखी कोण बसायचा माहितीये, पुढे स्वतःच्या बँडनं गाजलेला ग्लेन मिलर. 1935 मध्ये न्यूयॉर्कजवळच्या ग्लेन आयलंड कसिनोत एका गाण्याच्या लयीवरून भावाभावांत वाजलं, टॉमी भर कार्यक्रमात स्टेजवरून उतरून गेला आणि स्वतःचा बँड काढला. तापट होता, वादकांकडून काम करून घेताना कडक होता, त्याच्याकडे माणसं आली तशी गेलीही खूप. स्वभावाबद्दल मी त्याची बाजू घेणार नाही. पण शिस्त ऐकू येते, त्याच्या ट्रॉम्बोनच्या रांगेत तीनचार जण एका श्वासात वाजवतात, आणि रांगेत उभं राहून वर्षं काढल्यामुळे मला ठाऊक आहे की ते आपोआप होत नाही.

आपल्यासाठी एक मजेची गोष्ट म्हणजे त्याचं 'साँग ऑफ इंडिया'. 29 जानेवारी 1937 ला रेकॉर्ड केलेलं, त्याच रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूला 'मरी', दोन्ही तुफान चालली आणि दोन्हीत बनी बेरिगनचा ट्रम्पेट आहे जो स्वतंत्रपणे ऐकण्यासारखा. नाव इंडिया असलं तरी चाल रशियन आहे, रिम्स्की-कोर्साकोव्हच्या 'सादको' या ऑपेरात एक भारतीय व्यापारी आपल्या देशाची श्रीमंती गाऊन सांगतो त्याची. त्यात आपला राग वगैरे शोधू नका. पण ती वळणावळणानं अर्ध्या अर्ध्या सुरानं उतरणारी चाल स्लाइडवर स्वच्छ वाजवणं म्हणजे काय हे मी करून बघितलंय. सूर इतके शेजारी शेजारी आहेत की जरा हात ढिला पडला की सगळं घसरतंच. तो ती अशी वाजवतो की खाली ढोलाची लय चालू असतानाही तिला घाई होत नाही.

संथच वाजवायचा, जलद जमत नसेल, असा कुणाचा समज असेल तर 'ट्रॉम्बोनॉलॉजी' ऐकायला द्या, 1947 चं आहे, दोन फुटांच्या स्लाइडवर असं पळता येतं हे पहिल्यांदा ऐकून माझा विश्वास बसला नव्हता. तरी खरं सांगायचं तर मला ते संथ वादनाइतकं थोर वाटत नाही. पुढे जॅझ ट्रॉम्बोनवाल्या जे. जे. जॉन्सननं वेगात जे केलं ते त्याच्या कितीतरी पुढचं आहे. ड्यूक एलिंग्टन या दुसऱ्या बँडवाल्याकडे ट्रिकी सॅम नँटन होता, तो रबरी प्लंजर भोंग्यावर धरून ट्रॉम्बोनला माणसासारखं बोलायला लावायचा, तो वेगळाच मार्ग. आणि जागच्या जागी सुचवत वाजवणं, जे जॅझचं काळीज आहे, त्यात डॉर्सी पहिल्या रांगेतला नव्हता हे मान्य करायला मला काहीच अडचण नाही. त्यालाही नव्हती.

हे त्याला स्वतःला माहीत होतं याचा पुरावाच आहे. जानेवारी 1939 मध्ये मेट्रोनोम या संगीतावरच्या मासिकाच्या वाचकांनी निवडलेल्या वादकांचं एक रेकॉर्डिंग झालं, त्यात डॉर्सी आणि जॅक टीगार्डन दोघंही ट्रॉम्बोनला. टीगार्डन म्हणजे ब्लूजचा, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या दुःखाच्या गाण्यांचा, राजा, टेक्सासचा, स्लाइड जेमतेम हलवून ओठांवरच सगळं काढणारा. 'द ब्लूज' वाजवायचं ठरलं, आणि टीगार्डन समोर असताना आपण त्यात कलाकुसर करायची नाही असं डॉर्सीनं ठरवलं. मग काय केलं, तर त्यानं सरळ साधी चाल धरली, लांब लांब सूर, आणि टीगार्डन त्या चालीभोवती वेल चढावी तसा वाजवत राहिला.

तुम्ही आता डॉर्सी ऐकणार असाल तर क्रम असा ठेवा असं सुचवेन. आधी तीच सिग्नेचर धून, आणि यावेळी बाकी काही न बघता तो श्वास कुठे घेतो एवढंच शोधा, आमच्या उस्तादांनी मला कॅसेटवर हेच करायला लावलं होतं, पेन्सिलनं कागदावर खुणा करायला सांगून, आणि पहिल्या वेळी माझा कागद जवळजवळ कोराच राहिला. मग 'साँग ऑफ इंडिया', त्यात सांधे शोधा. आणि शेवटी ते 1939 चं ब्लूज, हेडफोन लावून. तिथे बहुतेक लोक टीगार्डनच ऐकतात, साहजिक आहे, पण तुम्ही एकदा त्याच्याखालची ती सरळ चाल धरून बसा. मी कित्येकदा ऐकलंय, दर वेळी थोडा वेळ टीगार्डनबरोबर जातो आणि परत डॉर्सीवर येतो, तो होता तिथेच असतो, त्याच सुरावर, आवाज जराही न डळमळता.