अंगावरचं पुरळ डॉक्टरांपासून लपवू नका, डोस लगेच बंद होत नाही

ताई, तुम्ही लिहिलंय की सासऱ्यांना फुफ्फुसाच्या कॅन्सरसाठी पेम्ब्रोलिझुमॅब चालू आहे, दुसऱ्या डोसनंतर पाठीवर-पोटावर लाल पुरळ आलंय आणि ते रात्रभर खाजवतात. खालच्या केमिस्टकडून मलम आणलंय. "डॉक्टरांना कळलं तर इंजेक्शन बंद करतील" म्हणून ते सांगू देत नाहीत, तर पुढच्या तारखेपर्यंत थांबावं का? थांबू नका. उद्या सकाळीच हॉस्पिटलच्या डे-केअरला, म्हणजे जिथे इंजेक्शन देतात तिथे, फोन करा.

त्यांची भीती मला नीट कळते. आमच्या ह्यांना किडनीच्या कॅन्सरसाठी निवोलुमॅब चालू होतं. हातांवर पुरळ उठलं तेव्हा भर मे महिन्यात हे फुल बाह्यांचा शर्ट घालून ओपीडीत बसले. डॉक्टरांनी "काही त्रास?" विचारलं, तर "काही नाही." शेवटी मी बटण काढून बाही वर केली. डॉक्टरांनी शर्ट काढायला लावला, ह्यांचाच तळहात उचलून पुरळावर ठेवत ठेवत मोजलं, मलम लिहून दिलं आणि डोस त्याच दिवशी दिला.

ते मोजणं तुम्हीही घरी करू शकता. पेशंटचा स्वतःचा तळहात, बोटांसकट, म्हणजे अंगाच्या कातडीचा साधारण १ टक्का. पुरळ दहा तळहातांपेक्षा कमी जागेत असेल तर ते सौम्य धरतात आणि इम्युनोथेरपी, म्हणजे पेम्ब्रोलिझुमॅब, निवोलुमॅबसारखी औषधं, सहसा चालू ठेवतात. १० ते ३० टक्के असेल तर मधल्या पायरीचं. त्यातही बऱ्याचदा मलम आणि खाजेच्या गोळ्यांवर भागतं, डोस द्यायचा की थोडा थांबवायचा ते डॉक्टर बघून ठरवतात. ३० टक्क्यांच्या वर गेलं की डोस थांबवतात, पोटातून स्टेरॉइड देतात, आणि पुरळ आटोक्यात आलं की पुष्कळांना पुन्हा सुरूही करतात. सासऱ्यांना हेच सांगा: लवकर दाखवलं तर डोस चालू राहण्याची शक्यता जास्त, लपवून ते अंगभर पसरलं तर थांबवावाच लागेल.

हे पुरळ येतं का, तेही त्यांना समजावून सांगा. आपल्या टी-पेशींवर, म्हणजे शरीराचं रक्षण करणाऱ्या पेशींवर, पीडी-१ नावाचा एक ब्रेक असतो. पेम्ब्रोलिझुमॅब, निवोलुमॅब ही औषधं तो सोडवतात, म्हणजे त्या पेशी कॅन्सरवर तुटून पडतात. याच शोधाला २०१८ चं नोबेल मिळालं. पण ब्रेक सुटलेल्या पेशी कधी कधी आपल्याच कातडीवरही जातात. कातडीचा त्रास हा या औषधांच्या सगळ्यात जास्त दिसणाऱ्या आणि सगळ्यात आधी दिसणाऱ्या त्रासांपैकी आहे, बहुतेकदा पहिल्या काही आठवड्यांतच. काहींना मात्र कित्येक महिन्यांनी, अगदी औषध संपल्यावरही होतो. मुंबईच्या टाटा मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी डोक्या-मानेच्या कॅन्सरसाठी निवोलुमॅबचा फक्त २० मिलिग्रॅमचा डोस वापरून अभ्यास केला, तेव्हापासून आपल्याकडे अनेकांना कमी डोस मिळतो. डोस कमी आहे म्हणून पुरळाकडे दुर्लक्ष करायचं नाही.

म्हणजे ही खाण्याची ॲलर्जी नाही. घरात कोणीतरी सुकट, बोंबील, अंडी, वांगं बंद करायला सांगितलंच असेल. करू नका, या माणसाला प्रथिनं हवीत. हळदीचा लेप, डेटॉलच्या पाण्याची आंघोळ, कडुनिंबाचा पाला चोळणं, हेही नको. सोललेल्या कातडीची आणखी आग होते. आणि "इम्युनिटी वाढवणारा" काढा तर अजिबात नको. गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेले पेशंट मुंबईच्याच डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले आहेत, आणि यकृताला सूज येणं हा इम्युनोथेरपीचाही एक दुष्परिणाम आहे. दोन्ही एकदम झालं तर डॉक्टरांनी कशाला दोष द्यायचा?

आता त्या मलमाबद्दल, कारण मला सगळ्यात काळजी त्याचीच वाटते. ट्यूब उलटी करून बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासोल (हे कडक स्टेरॉइड), निओमायसिन (अँटिबायोटिक) आणि मायकोनॅझोल किंवा क्लोट्रिमॅझोल (बुरशीवरची औषधं) अशी नावं एकत्र असतील तर ते मलम आजच बाजूला ठेवा, पण फेकू नका, डॉक्टरांना दाखवायला न्या. मुंबईच्या दमट हवेत, त्यातून पावसाळ्यात कपडे नीट वाळत नाहीत तेव्हा, जांघेत, काखेत, कमरेच्या नाडीखाली गजकर्ण झालेली माणसं घरोघरी आहेत. त्यावर स्टेरॉइड चोळलं की दोन दिवस लाली बसते, खाज थांबते आणि आत बुरशी पसरत राहते. मग डॉक्टरांसमोर जे अंग येतं त्यावर औषधाचं पुरळ कुठलं, गजकर्ण कुठलं, काही ओळखू येत नाही. निओमायसिनने काहींना वेगळीच ॲलर्जी उठते. स्टेरॉइडची मलमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम २०१८ पासून आहे, तरी काउंटरवर सर्रास मिळतात. याचा मला मनापासून राग येतो.

गंमत वाटेल, पण इम्युनोथेरपीच्या पुरळावर डॉक्टरही स्टेरॉइडचं मलमच देतात. फरक इतकाच की आधी बघून, अंगाला कडक आणि चेहऱ्याला, जांघेला सौम्य असं वेगवेगळं, आणि किती दिवस लावायचं ते ठरवून. त्यामुळे नंतर लिहून दिलं तर "स्टेरॉइड आहे" म्हणून घाबरून अर्धवट सोडू नका.

फोन करण्याआधी खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात फोटो काढा, एक लांबून, एक जवळून. दोन दिवसांनी त्याच जागेचे पुन्हा काढा. तोंड उघडायला लावून आतून बघा. घरात आणखी कोणाला रात्री खाज सुटते का ते विचारा, कारण खरूजही असू शकते. गेल्या महिन्यात सुरू झालेल्या सगळ्या गोळ्या लिहून न्या. अँटिबायोटिक, फिट्सची किंवा युरिक ॲसिडची गोळी यांनीही अंगावर उठतं.

तोवर कोमट पाण्याने थोडक्यात आंघोळ, साधा सौम्य साबण, टॉवेलने टिपून घ्यायचं, अंग ओलसर असतानाच वासाशिवायचं मॉइश्चरायझर. नखं कापा. ह्यांच्या पांढऱ्या बनियनवर सकाळी रक्ताचे बारीक ठिपके दिसायचे, नखं कापल्यावर ते थांबले. कपडे सुती आणि पूर्ण वाळलेले. खाजेची गोळी डॉक्टरांना विचारूनच द्या, वयस्कर माणसाला काही गोळ्यांनी गुंगी येते आणि रात्री बाथरूमला जाताना पडायची भीती असते.

यातलं काही दिसलं तर मात्र फोनवर थांबू नका, त्याच दिवशी इमर्जन्सीत न्या: तोंडात, डोळ्यांत किंवा लघवीच्या जागी फोड वा जखमा, कातडी सुटणं, खाजेऐवजी दुखणं, भाजल्यासारखी आग, जांभळट काळे डाग, पुरळाबरोबर ताप किंवा चेहरा सुजणं. हे क्वचित होतं, पण जिवावर बेतू शकतं. तिथे पोचल्यावर पहिलं वाक्य "इम्युनोथेरपी चालू आहे" हेच बोला. वयस्करांमध्ये आणखी एक प्रकार दिसतो: कित्येक आठवडे नुसती खाज आणि मग पाण्याने भरलेले टणक फोड. ते फोडू नका.

त्वचारोगतज्ज्ञांनी बायोप्सी सांगितली तर नाही म्हणू नका. जागा बधिर करून काही मिलिमीटरचा तुकडा घेतात. "सुई लावली की कॅन्सर पसरतो" असं नातेवाईक म्हणतील, पण इथे तर कॅन्सरच्या गाठीला हातही लावत नाहीत.

काही जण म्हणतील, पुरळ आलं म्हणजे औषध लागू पडतंय. काही अभ्यासांत तसा संबंध दिसला आहे, पण एका माणसाच्या पुरळावरून ते ठरत नाही, त्यासाठी स्कॅनच बघावा लागतो. पुरळ न आलेल्यांनाही गुण येतो.

सासऱ्यांना मधुमेह असेल तर फोनवर तेही सांगा. स्टेरॉइडच्या गोळ्या लागल्याच तर साखर चढते, आणि त्या गोळ्या खाज थांबली म्हणून आपल्या मनाने बंद करता येत नाहीत, काही आठवड्यांत हळूहळूच उतरवतात. म्हणून ग्लुकोमीटरच्या पट्ट्या आत्ताच बघून ठेवा.