थ्री नॉट थ्रीच्या गोळ्या घरी भरायच्या का? आधी क्रेडिट कार्डाचं व्याज बघू

नमस्कार, तुमचा मेल दोनदा वाचला. म्हणजे प्रश्न असा आहे की टेक्सासमध्ये राहता, ग्रीन कार्ड आहे, घरात एक ली-एनफील्ड नंबर ४ (थ्री नॉट थ्रीची रायफल) आणि एक मोसिन-नागांत (जुनी रशियन रायफल), महिन्यातून दोनदा रेंजवर जाता आणि दर वेळी दोन्हीच्या २०-२० गोळ्या झाडता. थ्री नॉट थ्रीची नवी गोळी तुम्हाला १ डॉलर ४० सेंटला पडतेय म्हणून गोळ्या भरायच्या यंत्राचा, म्हणजे प्रोग्रेसिव्ह प्रेसचा, ११५० डॉलरचा पूर्ण सेट क्रेडिट कार्डावर घ्यायचा विचार आहे, कार्डाचं व्याज २४ टक्के. आजोबा पोलिसात होते, त्यांच्या खांद्यावर हीच थ्री नॉट थ्री होती हे वाचून बरं वाटलं, त्यामुळे "विकून टाका" असं मी अजिबात म्हणणार नाहीये.

पण हा सेट कार्डावर घेऊ नका. तुम्हीच दिलेले भाव धरतो. बुलेट (नळीतून उडणारं टोक) ४५ सेंट, प्रायमर (बुडातली ठिणगी देणारी टिकली) ९, पावडरचा पौंड ४५ डॉलरला, पौंडात ७००० ग्रेन आणि हिशोबापुरते एका गोळीला ४० ग्रेन धरले (खरा आकडा मॅन्युअलमध्ये बघूनच) तर साधारण १७५ गोळ्या होतात म्हणजे २६ सेंट, एकूण ८० सेंट आणि पुंगळी (झाडल्यावर उरणारं पितळी कवच) तुमच्याकडे आहेच. गोळीमागे ६० सेंट वाचले. वर्षाला ४८० गोळ्या, म्हणजे २८८ डॉलर. आता ११५० वर २४ टक्क्यांनी वर्षाचं व्याज २७६ डॉलर! वर्षभर रात्री बसून गोळ्या भरायच्या, वाचलेले जवळजवळ सगळे पैसे बँकेला द्यायचे आणि मुद्दल आहे तिथेच.

प्रोग्रेसिव्ह प्रेस ज्यांना तासाला शेकडो गोळ्या हव्यात त्यांच्यासाठी. तुम्हाला महिन्याला ४० हव्यात, त्याला साधा सिंगल स्टेज प्रेस (एका वेळी एकच काम करणारा), थ्री नॉट थ्रीचे डाय (पुंगळीला आकार देणारे साचे), वजनाचा काटा, कॅलिपर, ट्रिमर (पुंगळीची वाढलेली लांबी कापणारा) आणि एक चांगलं मॅन्युअल, एवढं ३०० डॉलरच्या आसपास बसवता येतं. म्हणजे ५०० गोळ्यांत पैसे वसूल, वर्ष आणि वर थोडे दिवस.

एक खर्च मात्र तुमच्या हिशोबात नाहीये, तो म्हणजे पुंगळीचं आयुष्य. ली-एनफील्डचा बोल्ट (गोळीमागे बंद होणारा दांडा) मागच्या बाजूला लॉक होतो आणि चेंबर (गोळी बसते ती जागा) युद्धकाळातले, सढळ हाताने कापलेले, त्यामुळे पुंगळी दर वेळी थोडी ताणली जाते आणि बुडाजवळ पातळ होत जाते. माझ्याकडेही नंबर ४ आहे. एकदा एका पुंगळीवर बुडाच्या जरा वर चकचकीत कडं दिसलं, पेपरक्लिपचं टोक वाकवून आतून फिरवलं तर तिथे चक्क खाच लागली, पुढच्या वेळी ती तिथेच तुटली असती. दर वेळी पूर्ण साइझिंग केलं, म्हणजे सगळी पुंगळी दाबून परत मूळ मापाला आणली, तर चार-पाच वेळांतच पुंगळी बाद होऊ शकते, फक्त तोंडाकडची मान साइझ केली आणि त्या पुंगळ्या त्याच रायफलला ठेवल्या तर जास्त टिकतात. म्हणून सर्बियाच्या प्रवी पार्टिझानच्या गोळ्या घेताय ते बरोबर आहे, त्यांची पुंगळी बॉक्सर प्रकारच्या प्रायमरची असते, तो सहज काढता येतो, परत भरता येते.

मोसिनसाठी सध्या काहीच घेऊ नका. ४४० गोळ्यांचे दोन सीलबंद डबे आहेत म्हणता, महिन्याला ४० प्रमाणे ते २२ महिने पुरतील. असे डबे एकेकाळी शंभर डॉलरच्या आत मिळायचे, २०२१ मध्ये रशियन गोळ्यांच्या आयातीवर अमेरिकेने निर्बंध आणल्यावर ते दिवस परत येतील असं मला वाटत नाही, तेव्हा आहेत ते जपून वापरा. फक्त त्या जुन्या गोळ्यांच्या प्रायमरमधून नळीत उरलेले क्षार हवेतलं पाणी ओढतात, रेंजवरून आल्यावर त्याच दिवशी नळीतून गरम पाणी, मग कोरडं पुसून तेल. गंजलेली नळी सगळ्या बचतीपेक्षा महाग पडेल.

गन शोमध्ये ६० सेंटला मिळणाऱ्या त्या जुन्या "के एफ" शिक्क्याच्या गोळ्या... खडकीच्या फॅक्टरीच्या, १८६९ पासूनची, आपल्या पुण्याची, ओढ वाटणारच. दोन-चार आठवण म्हणून कपाटात ठेवा, पण ४०० नको. त्यात बर्डन प्रकारचा प्रायमर, तो घरी सहज काढता येत नाही, म्हणजे पुंगळी तुमच्या उपयोगाची नाही, क्षारांचा त्रास आहेच, आणि या जुन्या मालात ट्रिगर दाबल्यावर गोळी उशिरा सुटल्याचे अनुभव नेमबाज सांगतात. तसं झालं तर बोल्टला हात न लावता नळी टार्गेटकडेच धरून निदान ३० सेकंद थांबायचं. ६० सेंटसाठी ही जोखीम नको.

मित्रांना भरून विकून खर्च काढू म्हणता, ते मुळीच नको, विकण्यासाठी गोळ्या बनवायला फेडरल लायसन्स लागतं. आणि एच-वन-बीवरच्या मेहुण्याला भागीदार करू नका, त्या व्हिसावर हंटिंग लायसन्ससारखा अपवाद नसेल तर बंदूक किंवा गोळ्या जवळ बाळगणंच गुन्हा आहे, त्याचं करिअर पणाला लागेल.

मग पैसे कुठून? महिन्यातली एक रेंज फेरी सहा महिने सोडा. २० डॉलर फी आणि थ्री नॉट थ्रीचे २८ असे ४८ वाचले, सहा महिन्यांत २८८ जमतात, कार्डाला हात न लावता. प्रायमर-पावडर ऑनलाइन मागवली की प्रत्येक पार्सलला हॅझमॅट (धोकादायक मालाची) फी बसते, तुमच्यासारखी थोडी खरेदी असेल तर जवळच्या दुकानातून घ्या, वर्षभराचीच. आणि जेवणाच्या टेबलावर हे काम करायचं नाही, घरात दोन वर्षांचं मूल आहे, झाडलेल्या प्रायमरच्या धुळीत शिसं असतं. गॅरेजमध्ये बसा, हात धुऊनच आत या.

तोवर प्रत्येक पुंगळी गोळा करून डब्यात ठेवा, किती वेळा झाडली ते डब्यावर लिहा आणि सहा महिन्यांनी आकडे पाठवा, तेव्हाच्या भावाने परत हिशोब मांडू.