राजा झाल्यावर त्याच चालीत पुढे खाता येतं का?

चेकर्स या पटावरच्या खेळात समोरच्याशी झालेल्या वादाबद्दल तुम्ही लिहिलंत, ते वाचून हसू आलं आणि जुनी जखमही ठसठसली. तुमची सोंगटी खात खात शेवटच्या रांगेत गेली, राजा झाली (म्हणजे मागेही चालायला मोकळी), त्याच दमात मागे वळून आणखी एक खाल्ली, आणि समोरचा म्हणाला, चाल संपली. अगदी हेच करून मी एक स्पर्धा घालवली आहे.

तिरकं चालणं, उडी मारून खाणं हे तुम्हाला येतंच, ते सोडून देतो. घोळ असा की चेकर्स हा एकच खेळ नाही. इंग्लिश-अमेरिकन प्रकारात राजा झाला की चाल तिथेच संपते, पुढ्यात खायला असलं तरी. रशियन प्रकारात तीच सोंगटी त्याच चालीत राजा होऊन पुढे खाते. १० बाय १० च्या आंतरराष्ट्रीय प्रकारात ती पुढे खाते खरी, पण साधी सोंगटी म्हणूनच. चाल शेवटच्या रांगेत संपली तरच राजा. पहिल्या दोन्ही प्रकारांत पट ८ बाय ८ आणि सोंगट्या प्रत्येकी १२, त्यामुळे नुसत्या पटावरून काही कळत नाही.

मी शिकलो फोनवर, रशियन पद्धतीने, आणि तिला रशियन म्हणतात हेही ठाऊक नव्हतं. स्पर्धेच्या पत्रकात फक्त पट आणि सोंगट्यांची संख्या. आयोजकांच्या कार्यालयात फोन केला तर उत्तर आलं, "नेहमीचेच नियम." नेहमीचे म्हणजे कुणाचे? पुन्हा फोन केला, तर "तुम्ही या तर आधी." चीड येते अजून.

पण खरी चूक माझीच. साधी सोंगटी इथे मागे खात नाही, हे पहिल्याच डावात पंचांनी सांगितलं होतं. तेव्हाच बाकीचे नियम विचारायला हवे होते. लाज वाटली, गप्प बसलो. निर्णायक डावात दोन सोंगट्या मुद्दाम दिल्या, बदल्यात एका चालीत तीन घेणार होतो. पहिली खाऊन राजा झालो आणि पंचांनी हात आडवा केला. समोरच्याने पुढच्याच चालीत माझी आणखी एक उचलली.

म्हणून माझं मत (मी पंच नाही, नुसता हौशी): बसण्याआधी विचारा. राजा एकच घर चालतो की लांब धावतो? सोंगटी मागे खाते का? राजा होताच चाल संपते का? एवढ्यावरून प्रकार कळतो.

तुमचं खायचं राहिलं म्हणून समोरच्याने तुमची सोंगटी उचलली असंही तुम्ही लिहिलंय, ती फार जुनी पद्धत. आताच्या स्पर्धांत खाणं सक्तीचं असतं, म्हणजे चाल परत घेऊन खायला लावतात. आणि पहिला खेळणारा जिंकतोच हे त्याचं म्हणणं साफ चूक. इंग्लिश-अमेरिकन प्रकारात दोघेही बिनचूक खेळले तर डाव बरोबरीत सुटतो, हे संगणकशास्त्रज्ञ जोनाथन शेफर यांच्या गटाने २००७ साली संगणकावर सिद्ध केलंय. त्याला हे जरूर सांगा, पण डाव संपल्यावर.