तुमचे प्रश्न : टीव्हीवर गेम रांगतो तेव्हा

प्रश्न : लॅपटॉपवर रेट्रोआर्चमध्ये (जुन्या गेम-यंत्रांची नक्कल करणारा प्रोग्राम, म्हणजे एम्युलेटर) पहिल्या प्लेस्टेशनचे गेम छान चालतात. तोच लॅपटॉप एचडीएमआयने नव्या ४के टीव्हीला जोडला की सगळं निम्म्या वेगाने, आवाजही तुटक. ग्राफिक्स कार्डवाला लॅपटॉप घ्यावा का?
– एक वाचक, रावपुरा, वडोदरा

उत्तर : पैसे तूर्त खिशातच राहू द्या. वेग बरोबर निम्मा होतो, हीच खूण. जुन्या लॅपटॉपचं एचडीएमआय बहुधा १.४ असतं आणि त्यातून ४के चित्र सेकंदाला फार तर ३० वेळा जातं. गेमला हव्यात सेकंदाला सुमारे ६० फ्रेम, म्हणजे चित्रं. व्हीसिंक (चित्राची गती पडद्याच्या गतीशी बांधणारी सेटिंग) चालू असेल तर एम्युलेटर प्रत्येक फ्रेमला टीव्हीची वाट बघत बसतो, म्हणून वेग निम्मा. आवाज त्याच गतीने तयार होतो. तो पुरत नाही, म्हणून तुटतो.

खात्री करून घ्या. गेम चालू असताना एफ३ दाबा, फ्रेमचा आकडा दिसेल. मग स्पेसबार दाबून फास्ट-फॉरवर्ड करा. त्यात व्हीसिंकचं बंधन सुटतं. आकडा ३० वरून शंभराच्या पुढे उडाला तर लॅपटॉपात दम आहे, अडवतोय तो डिस्प्ले. तिशी-चाळिशीतच घुटमळला तर मात्र दोष यंत्राच्या ताकदीचा. मग कोअर (त्या गेम-यंत्राची नक्कल करणारा भाग) ऑप्शन्समधलं इंटर्नल रिझोल्यूशन, म्हणजे गेमचं चित्र मूळच्या किती पट बारीक रंगवायचं तो आकडा, बघा. ते ४ पट ठेवलं असेल तर पिक्सेल १६ पट होतात. १ किंवा २ पटीवर आणा.

आता उपाय. विंडोज आणि पी एकत्र दाबून ‘सेकंड स्क्रीन ओन्ली’ निवडा. डिस्प्ले सेटिंग्जमध्ये नुसतं १९२०×१०८० निवडून भागेलच असं नाही. इथेच बरेच जण फसतात : डेस्कटॉप १०८० चा होतो, पण केबलमधून सिग्नल ४के, ३० हर्ट्झचाच (सेकंदाला ३० चित्रांचाच) जात राहतो. ‘अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले’मधून डिस्प्ले अ‍ॅडाप्टरच्या प्रॉपर्टीज उघडा, ‘लिस्ट ऑल मोड्स’मधून १९२०×१०८०, ६० हर्ट्झ निवडा आणि अ‍ॅक्टिव्ह सिग्नलपुढे तेच लिहून येतंय ना, ते बघा. टीव्हीचा गेम मोड चालू करा, बटण दाबल्यावरचा उशीर कमी होईल.

‘थ्रेडेड व्हिडिओ’ (चित्र दाखवण्याचं काम वेगळं चालवणारी रेट्रोआर्चची सेटिंग) चालू करा, असा सल्ला कोणी ना कोणी देईलच. त्याने आकडा सुधारतो, पण चाल अडखळते आणि उशीर वाढतो. दुसरं काहीच लागू पडलं नाही तरच त्याच्या वाटेला जा.

प्रश्न : जुन्या टीव्हीसारख्या रेघा याव्यात म्हणून सीआरटी-रॉयल शेडर (चित्रावर परिणाम चढवणारा छोटा प्रोग्राम) लावला. आता साधा सुपर निन्टेंडोचा गेमही अडखळतो. लॅपटॉपात वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही.
– एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : गेम हलका, पण शेडर भारी. सीआरटी-रॉयल एकाच फ्रेमवर एकामागून एक अनेक फेऱ्या मारतो आणि त्याचा बराचसा हिशेब पडद्याच्या पिक्सेलवर चालतो. १३६६×७६८ ला ते साडेदहा लाख, १०८० ला पावणेएकवीस लाख. झेडफास्ट-सीआरटी किंवा सीआरटी-ईझीमोड लावा. दोन हात लांबून फरक फारसा कळत नाही. रॅमची एकच पट्टी असेल तर जोडीला तशीच दुसरी बसवा. ऑनबोर्ड ग्राफिक्स रॅम वाटून घेतं, त्यामुळे दोन पट्ट्यांचा फायदा थेट चित्राला होतो. आणि अर्ध्या तासाने वेग पडत असेल, तर मे महिन्यात लॅपटॉप गादीवर ठेवू नका. तापला की प्रोसेसर स्वतःच गती उतरवतो.

प्रश्न : वेग ठीक आहे, पण मागचं दृश्य सरकताना लाटा आल्यासारखं थरथरतं. पडदा १३६६×७६८.
– एक वाचक, मांडवी, वडोदरा

उत्तर : जुन्या गेमचं २२४ ओळींचं चित्र पडद्याच्या ७६८ ओळींमध्ये ताणलं की काही ओळी ३ पिक्सेल जाड होतात, काही ४. व्हिडिओ, स्केलिंगमध्ये ‘इंटीजर स्केल’ चालू करा. चित्र तिप्पट, म्हणजे ६७२ ओळींचं होईल आणि वर-खाली ४८ पिक्सेलच्या काळ्या पट्ट्या उरतील. पट्ट्या खुपत असतील तर इंटीजर स्केल बंद ठेवून ‘शार्प-बायलिनियर’ शेडर लावा. कडा किंचित मऊ दिसतील, पण थरथर जवळजवळ जाते.