तारखा लिहून ठेवा, आणि आधी तिला विचार

अरे बाळा,

तुमच्या लॅबमधल्या मुलीला तिचे गाईड सर नको तसा त्रास देतात, हा तुझा परवा रात्रीचा मेसेज वाचला आणि दिवसभर कॉलेजात दुसरं काही सुचलं नाही, म्हणून आता घरी आल्यावर नीट बसून लिहितेय. तू म्हणतोस, मॅडम मी उद्याच सरांच्या केबिनमध्ये जातो आणि तोंडावर विचारतो. नको जाऊस. राग आलाय ते चांगलंच आहे, यायलाच हवा, पण तू केबिनचं दार उघडलंस की संध्याकाळपर्यंत अख्ख्या डिपार्टमेंटला कळणार, सर सावध होणार, चॅट उडवणार, लॅबमधल्या एकेकाला बोलावून घेणार, आणि या सगळ्यात जिचा प्रश्न आहे तिला अजून कोणी विचारलेलंच नाही की बाई, तुला काय हवंय.

आधी तिला विचार. तिने तुला सांगितलं म्हणजे तुझ्या हातात वकीलपत्र दिलं असं होत नाही ना. तिला कदाचित फक्त कोणीतरी ऐकून घ्यायला हवं असेल, किंवा पुढच्या फील्डला त्यांच्यासोबत एकटीने जायचं नसेल, किंवा गाईड बदलून हवा असेल, किंवा रीतसर तक्रार करायची असेल, किंवा सरळ पोलिसांत जायचं असेल. या सगळ्या वेगळ्या वाटा आहेत आणि कुठली धरायची ते तिने ठरवायचं, तू सोबत राहायचंस. तिचं नाव मला सांगू नकोस, मी विचारलंही नाही, आणि बाकी कोणालाही सांगू नकोस, अगदी तुझ्या रूममेटलासुद्धा.

आणि एक प्रश्न तिला कधीच विचारू नकोस, तेव्हाच का नाही बोललीस, ओरडली का नाहीस. हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे रे. 1972 मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केला, आणि सर्वोच्च न्यायालयाने त्या पोलिसांना सोडून दिलं, का तर तिच्या अंगावर जखमा नाहीत, म्हणजे तिने विरोध केला नसणार. त्यावर 1979 मध्ये कायदा शिकवणाऱ्या चार शिक्षकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि आपल्या पुण्याच्या वसुधा धागमवार. शरण जाणं म्हणजे संमती नव्हे, हा त्या पत्राचा गाभा. त्यातून देशभर आंदोलन उभं राहिलं आणि 1983 मध्ये कायदा बदलला. मी हे मुद्दाम सांगतेय कारण विद्यापीठातल्या लोकांनी एक पत्र लिहिलं आणि तिथून गोष्ट हलली, आणि तरीही आज तक्रार समितीसमोर बसलेल्या पोरीला कोणीतरी हळूच विचारतंच, तू 'नाही' का म्हणाली नाहीस. अरे ज्याच्या सहीवर फेलोशिप येते, ज्याच्या सहीवर थिसिस जमा होतो, त्याला नाही म्हणायला काय लागतं ते विचारणाऱ्याला माहीत नसतं.

मला माहीत आहे. 1994 ची गोष्ट, मी एमएस्सीला होते. आमच्या एका सरांची वागणूक सगळ्या मुलींना ठाऊक होती, प्रॅक्टिकलला मायक्रोस्कोप दाखवताना मागे येऊन उभे राहायचे, आणि आमचा उपाय काय तर दोघींनी मिळून जायचं, एकटीने जायचं नाही. माझी मैत्रीण एकदा एकटी गेली. दुसऱ्या वर्षाला ती आलीच नाही, घरच्यांनी लग्न करून दिलं. मी तिला एक पत्रही लिहिलं नाही. तक्रार करायला तेव्हा जागाच नव्हती, कामाच्या जागी लैंगिक छळाची तक्रार ऐकायला समिती हवी असं सांगणारा सर्वोच्च न्यायालयाचा विशाखा निकाल आला 1997 च्या ऑगस्टमध्ये, तोही राजस्थानातल्या भंवरी देवींनी बालविवाह रोखायला गेल्याची किंमत अत्याचार सोसून मोजली म्हणून. पण पत्र लिहायला जागा होती, ते मी लिहिलं नाही, आणि ते मला अजून टोचतं.

म्हणून तुला माझा पहिला आग्रह, लिहून ठेवणं. तिला म्हणावं आजच बस आणि जे जसं आठवतं तसं लिही, तारीख, वेळ, जागा, कोण होतं, काय शब्द वापरले, नंतर कोणाला सांगितलं. भारी भाषा नको. आणि तू स्वतः जे पाहिलंस ते वेगळं लिही, जीपमध्ये सरांनी तिला मागून उठवून पुढच्या सीटवर बसवलं हे तुझ्या डोळ्यांसमोर झालंय, ते तुझ्या वहीत तुझ्या शब्दांत असू दे, तिच्याशी जुळवून घेऊ नका, दोघांचं थोडं वेगळं असलं तरी चालतं, उलट तेच खरं वाटतं. मेसेज डिलीट करायचे नाहीत कितीही किळस आली तरी, डिसअपिअरिंग मेसेज, म्हणजे आपोआप पुसले जाणारे, चालू असेल तर आधी बंद करायचं, स्क्रीनशॉटमध्ये नंबर आणि तारीख दिसली पाहिजे, आणि हे सगळं लॅबच्या कॉम्प्युटरवर अजिबात ठेवायचं नाही.

यावरून एक सांगते. मी दोन टर्म अंतर्गत तक्रार समितीवर, म्हणजे लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या समितीवर होते, कुठे ते नको. त्या मुलीला विचारून सांगतेय आणि ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही, कायद्यानेही नाव-गाव न सांगता न्याय मिळाल्याचं सांगता येतं. तिचे सर तिला डेटा तपासायच्या नावाखाली रात्री थांबवून घ्यायचे आणि नको ते बोलायचे. साक्षीदार कोणी नाही, मेसेज नाहीत, आणि सरांचं लेखी उत्तर आलं की ही मुलगी सहानंतर लॅबमध्ये कधी थांबलीच नाही. आम्ही सगळ्या गप्प. मग तिने पिशवीतून खानावळीची वही काढली, ती लांबट पातळ वही असते बघ, तेलाची बोटं उमटलेली, ज्यात काकू रोजच्या जेवणाची रेघ मारतात आणि जेवलं नाही की 'खा' लिहितात, खाडा म्हणजे पैसे कापायचे. अडीच महिन्यांत रात्रीचे अकरा खाडे, जवळपास सगळे मंगळवार आणि शुक्रवार, आणि ती म्हणत होती तेच दिवस. ते अक्षर तिचं नव्हतं, त्या काकूंचं होतं, आणि त्यांनी ते फक्त आपल्या हिशेबासाठी लिहिलं होतं. आमच्या अध्यक्ष मॅडमनी बोट ठेवत ठेवत दोनदा मोजलं. मग वॉचमनचं रजिस्टर मागवलं, तेही जुळलं. सरांची गाईडशिप गेली. तर तुम्हीही शोधा, मेसची वही, बसचं तिकीट, लायब्ररीची एंट्री, गेटचं रजिस्टर, यूपीआयचं पेमेंट, माणूस रोज कुठे ना कुठे उमटत असतो.

आता मुदत, इथे फार लोक चुकतात. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत द्यायची असते, आणि प्रकार पुन्हा पुन्हा होत असेल तर शेवटच्या प्रकारापासून मोजायचं. तुमची फील्ड ट्रिप जूनच्या शेवटी झाली, म्हणजे नुसतं तेवढंच धरलं तर सप्टेंबर संपला की मुदत संपली. पण तू म्हणतोस गौरी जेवणाच्या दिवशी ती गावी असताना रात्री पावणेबाराला मेसेज आला, गावाला गेलीस की आम्हाला विसरतेस का म्हणून, मग मोजणी तिथून सुरू. उशीर झालाच तर कारण लिहून अजून तीन महिने मिळू शकतात, पण तो समितीचा निर्णय, त्यावर विसंबू नका. भीती जायची वाट बघत बसलं की दिवस भराभर जातात, मी बघितलंय.

आणि ट्रिप बाहेर होती म्हणून विद्यापीठाचा संबंध नाही असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, 2015 च्या नियमांत फील्ड ट्रिप, इंटर्नशिप, कॅम्प, स्पर्धा, येण्याजाण्याची गाडी, सगळं कॅम्पसमध्येच धरलंय. म्हणजे ती जीपची पुढची सीटसुद्धा.

समितीला अजून सगळे विशाखा समितीच म्हणतात, तुमच्याकडेही तोच बोर्ड असेल. नावं आणि फोन नंबर विद्यापीठाच्या साईटवर असायला हवेत, नसले तर तेही लिहून ठेव. विद्यापीठात अध्यक्ष प्रोफेसर दर्जाची बाई लागते, निम्म्या तरी बायका लागतात, बाहेरच्या संस्थेतली एक व्यक्ती लागते, आणि विद्यार्थ्यांचा विषय असेल तर तीन विद्यार्थी, एक पदवीचा, एक पीजीचा, एक रिसर्चचा, तेही निवडून आलेले. कुलगुरू, रजिस्ट्रार, डीन, एचओडी म्हणजे विभागप्रमुख, यांना समितीवर बसताच येत नाही. तेव्हा एचओडी उद्या चहा पाजून म्हणाले ना की मला सांगा, मी बघतो, आपल्या घरातली गोष्ट आहे, मिटवून टाकू, तर नमस्कार करून बाहेर यायचं. समेट हवा असेल तर तो तिने मागायचा, दुसऱ्या कोणी नाही, आणि पैसे घेऊन तर मुळीच नाही.

अर्ज साध्या मराठीत चालतो, लिहायला जमत नसेल तर समितीने मदत करायची असते. पोच घ्या, शिक्का आणि तारखेसकट, आणि मेलही टाका. सात दिवसांत प्रत समोरच्याकडे जाते, त्याला उत्तराला दहा दिवस, आणि चौकशी नव्वद दिवसांत संपवायची. पण तिने पहिल्याच अर्जात एक गोष्ट मागायला हवी, जी बहुतेक मुली मागतच नाहीत कारण कोणी सांगत नाही, चौकशी चालू असताना या माणसाने माझं काम, प्रेझेंटेशन, परीक्षा काहीही तपासायचं नाही, माझ्यापासून लांब राहायचं. नियमात आहे हे. रजाही मिळते, तीन महिन्यांपर्यंत. आणि आरोप सिद्ध झाला नाही म्हणजे तक्रार खोटी ठरत नाही, ही धमकी पहिल्या दिवसापासून मिळेल, तिला आधीच सांगून ठेव. पोलिसांची वाट वेगळी आणि तीही सोबत चालते, भारतीय न्याय संहितेचं कलम 75 लैंगिक छळाचं आणि 78 पाठलागाचं, त्यात स्पष्ट नको म्हटल्यावरही पुन्हा पुन्हा संपर्क करत राहणं येतं. ती तयार असेल तर विद्यापीठाने त्यात मदत करायची असते.

खोटं नाही सांगणार, सगळ्या समित्या चांगल्या नसतात. काही कागदावरच असतात, काही सरांचीच माणसं असतात. तरी लेखी तक्रार आत गेली की तिला उत्तर द्यावं लागतं, आणि निकाल पटला नाही तर तीस दिवसांत अपील आहे.

तू अजून एक ओळ लिहिली होतीस, जाता जाता लिहिल्यासारखी, की तसे सर मुलींना रात्रीच्या फील्डला नेतच नाहीत, तुम्ही वाळवलेल्या वनस्पतींच्या हर्बेरियम शीट चिकटवा म्हणतात, मीटिंगला चहा मुलीच आणतात, आणि नव्या मुलीला इंटरव्ह्यूलाच विचारलं लग्न कधी. मला वाटतं सुरुवात तिथूनच झालीय. तेव्हा तुम्ही पोरं हसलात असणार, किंवा गप्प बसलात. ते तुझ्या हातातलं काम आहे बघ, त्याला समिती लागत नाही, पुढच्या मीटिंगला चहा तू आण, आणि फील्डची यादी लागली की सगळ्यांसमोर विचार, सर, ह्यांची नावं का नाहीत. आणि बाळा, असं काही तुझ्यासोबत झालं तरी हाच रस्ता आहे, यूजीसीच्या नियमांत मुलगे आणि तृतीयपंथी विद्यार्थीही येतात, पुरुषासारखा पुरुष असून, असलं कोणी म्हटलं तर मनाला लावून घेऊ नकोस.

साक्ष द्यावी लागेल तुला. तुझाही थिसिस त्याच डिपार्टमेंटमधून जायचाय, मला कळतं, आणि तुला भीती वाटत असेल तर ती तिला खरी खरी सांग, आत्ता हो म्हणून चौकशीच्या दिवशी फोन बंद ठेवू नकोस, त्याने ती जास्त मोडेल.

पेपर तपासणीला मी येत्या शनिवारी तुमच्याच विद्यापीठात आहे, दुपारी दोननंतर मोकळी. अर्ज लिहायला बसायचं असेल तर मी बसेन, समितीच्या खोलीबाहेर बाकावर थांबायचं असेल तर थांबेन. पण तिला विचारून ये, ती नको म्हणाली तर तू एकटा ये, जेवू आणि तुझी वही बघू.

तुझी मॅडम